वेताळ टेकडीच्या पायवाटांवर सायकली हव्यात का?

टेकडीकर:
बावीस वर्षं रोज पहाटे पुण्यातल्या कांचन गल्लीतून वेताळ टेकडी चढतोय. माझं मत स्पष्ट आहे: धावणाऱ्यांनी खुशाल धावावं, पण गिअरच्या सायकली अरुंद पायवाटांवर नकोत. निदान जून ते सप्टेंबर तरी नकोतच.

कारण इथली जमीन. खाली काळा बसाल्ट, वर मुरूम-मातीचा जेमतेम थर. ओल्या उतारावर ब्रेक दाबला की मागचं चाक फरफटतं आणि चर पडतो. पुढची सर त्याच चरातून वाहते, माती घेऊन जाते. दोन पावसाळ्यांत वाटेची ओघळ झालेली मी पाहिली आहे. शिवाय गेल्या आठवड्यात वळणावर एक सायकल अशी सुसाट आली की आमच्या हिला काटेरी झुडपात शिरावं लागलं.

दोनचाकी:
काकूंना लागलं नाही ना? त्या सायकलवाल्याचं चुकलंच. पायी चालणाऱ्याला सायकलने वाट द्यायची आणि उतरणाऱ्याने चढणाऱ्याला, एवढं न पाळणाऱ्याने वर येऊ नये.

पण बंदी मला अजिबात मान्य नाही. चिखल टाळायला कडेने चालून वाट दुप्पट रुंद कोण करतं? वळण सोडून सरळ खाली आडवाट कोण पाडतं? बहुतेक वेळा चालणारेच. आणि 2023 च्या एप्रिलमधला मोर्चा आठवा. बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीवरून जाऊ नये म्हणून आम्हीही तुमच्याबरोबर चाललो होतो. टेकडीवर रोज येणाराच तिच्यासाठी सुट्टीचा दिवस मोडतो. आम्हाला हाकलून उद्या माणसं कुठून आणणार?

पहाटफेरी:
मी हनुमान टेकडीवर एकटी धावते. उजाडायच्या आधी वाटेवर कुणी ना कुणी दिसलं की धीर येतो, मग तो सायकलवर का असेना. वर्दळ कमी करणारा कुठलाही नियम मला नको.

माळटिटवी:
तिघंही माणसांबद्दलच बोलताय. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. घरटं म्हणावं असं काही नसतंच. चंडोल आणि तित्तरही जमिनीवरच. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत गवताळ भागात पाऊल कुठे पडतं, चाक कुठे जातं, हे फार महत्त्वाचं आहे.

माझा राग सायकलीपेक्षा नव्या वाटांवर आहे. एक जण गवतातून मार्ग काढतो, ॲपवर नकाशा टाकतो, महिन्याभरात तिथे पांढरी रेघ उमटते. गवताळ माळ ही रिकामी जागा नाही. त्यात झाडं लावून 'हिरवं' करायचा उत्साहही तितकाच घातक. अशा लावलेल्या गिरिपुष्पाच्या झाडांखाली गवत नीट वाढत नाही. मला विचाराल तर आहेत त्यातल्या निम्म्या वाटा काट्या टाकून बंद कराव्यात, सगळ्यांसाठी.

दोनचाकी:
निम्म्या? मग उरलेल्यांवर दुप्पट गर्दी होऊन त्याच खचतील.

माळटिटवी:
खचू देत. चार वाटा दगड लावून, पाणी आडवं काढून दुरुस्त करता येतात. चाळीस नाही येत.

टेकडीकर:
टिटवीताई, हे पटलं. इतकी वर्षं मीही त्या आडवाटांनी चाललोय, हे कबूल करतो. दोनचाकी, मोर्चात तुम्ही होतात, ते मी विसरलेलो नाही. पण पावसाळ्याचं माझं म्हणणं मी सोडत नाही. खाणीकडे जाणारा रुंद मुरमाड रस्ता आहे, तो बारा महिने वापरा. अरुंद उतार चार महिने सोडा.

दोनचाकी:
पाऊस पडल्यावर दोन दिवस सोडेन. चार महिने नाही. ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस कोरडे जातात, तेव्हा वाट पायाखाली टणक असते.

टेकडीकर:
वरून टणक असते. रविवारी साडेसहाला खाणीपाशी या, काठी घेऊन येतो. कुठे किती आत जाते ते बघू.

दोनचाकी:
येतो.