रॉन जोन्सला काढलं आणि 'स्टार ट्रेक'चं संगीत मवाळ झालं. सहमत की असहमत?

मंदसप्तक
थेट मुद्द्यावर येतो. 1991 साली, 'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळमालिकेच्या दुसऱ्या पिढीचा, म्हणजे 'नेक्स्ट जनरेशन'चा, चौथा सीझन चालू असताना निर्माते रिक बर्मन यांनी संगीतकार रॉन जोन्सकडचं काम काढून घेतलं. तिथून पुढे या मालिकांचं पार्श्वसंगीत म्हणजे हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतं तसला प्रकार. चालू असतं, कुणाचा पाय अडत नाही, बाहेर पडल्यावर एक सूर आठवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 1987 ला मालिका सुरू झाली तेव्हा जोन्स आणि डेनिस मॅकार्थी आलटून पालटून एपिसोडांचं संगीत करायचे. बर्मनचं मत असं की संगीताने प्रसंगावर कुरघोडी करू नये. मॅकार्थीला ते जमलं, जोन्सला जमलं नाही. जमलं नाही म्हणूनच 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स'चा पहिला भाग (जून 1990) आजही अंगावर येतो. बोर्ग या अर्धयंत्र शत्रूंनी यानाच्या कॅप्टन पिकार्डला उचलून नेऊन आपल्यातलाच एक करून टाकलाय. तोच पडद्यावर येऊन सांगतो, प्रतिकार व्यर्थ आहे. पिकार्डचा दुय्यम अधिकारी रायकर हाताखालच्या वॉर्फला मारा करायचा हुकूम देतो, म्हणजे स्वतःच्याच कॅप्टनवर. त्या हुकमानंतर एक शब्द नाही, नुसता रायकरचा चेहरा आणि चढत जाणारा वाद्यवृंद. आणि तिथेच 'क्रमशः'. सगळा उन्हाळा लोक तडफडत बसले. यातलं संगीत काढा आणि मग सांगा काय उरतं.

चहाबाज
असहमत. एक जबरदस्त शेवट दाखवून अख्ख्या शैलीचा खटला जिंकता येत नाही हो.

मालिकेतला निम्मा वेळ माणसं टेबलाभोवती बसून बोलत असतात. जोन्सचाच शेवटचा एपिसोड घ्या, 'द ड्रमहेड'. सगळी चौकशी आणि उलटतपासणी. त्यात पिकार्ड बोलत असताना मागून तुतारी फुंकायची का? पॅट्रिक स्ट्युअर्टसारखा रंगभूमीवरचा नट समोर असताना संगीताने गप्प बसावं, यात निर्मात्याचं काय चुकलं?

आणि ज्या 'दणदणीत' संगीताचे गोडवे गाता, ते साठच्या दशकातल्या मूळ मालिकेत काय करायचं ते आठवा. पैसे वाचवायला तेच तुकडे पुन्हा पुन्हा चिकटवायचे. जेराल्ड फ्राइडने 'अमोक टाइम' या एपिसोडमधल्या कॅप्टन कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक यांच्या द्वंद्वासाठी लिहिलेलं संगीत पुढे कुणीही कुणाला ठोसा मारला की सुरू व्हायचं. आता ते चेष्टेचा विषय झालंय.

शुद्ध निषाद
चेष्टेचा विषय झालं कारण ते लोकांच्या डोक्यात बसलंय! पन्नासहून जास्त वर्षांनी लोक गुणगुणतात अशी नव्वदच्या दशकातली एक तरी मारामारी दाखवा.

धागाकर्त्याशी सहमत, पण मी आणखी मागे जाईन. 1979 चा पहिला 'स्टार ट्रेक' सिनेमा. संगीतकार जेरी गोल्डस्मिथने एंटरप्राइझ या यानासाठी आधी जे लिहिलं ते दिग्दर्शक रॉबर्ट वाइजला पटलं नाही. त्याची तक्रार एवढीच की यात धून कुठे आहे? गोल्डस्मिथ वैतागला, पण परत बसला आणि त्यातून जी धून निघाली तीच 1987 मध्ये 'नेक्स्ट जनरेशन'च्या शीर्षकाला लावली. म्हणजे निर्मात्या-दिग्दर्शकाने नाक खुपसलं की वाईटच होतं असं नाही. वाइजने जास्त मागितलं, बर्मनने कमी. फरक तिथे आहे.

त्यातला अंतराळगोदीतला प्रसंग पाहा. कर्क आणि त्याचा इंजिनियर स्कॉटी एका छोट्या यानात बसून नव्याने सजवलेल्या एंटरप्राइझभोवती फिरतात. पाचेक मिनिटं संवाद जवळजवळ नाहीत. आवाज बंद करून बघितलं तर एक मध्यमवयीन गृहस्थ खिडकीतून जहाजाची प्रतिकृती न्याहाळतोय, बस. आवाज चालू केला की कळतं, हा माणूस प्रेमात आहे. धून सुरुवातीला तुकड्यातुकड्याने येते, जहाज जसं पट्ट्यापट्ट्याने दिसतं तशी, आणि पूर्ण जहाज समोर आलं की पूर्ण वाजते. हे 'जाणवू नये' म्हणून लिहिलेलं नाही.

चहाबाज
त्याच सिनेमाला लोक 'लांबलचक' म्हणून नावं ठेवतात, हे सोयीस्कर विसरलात. शिवाय तो सिनेमा आहे. सव्वादोन तासांचं एकच काम. मालिकेत वर्षाला सव्वीस एपिसोड, दर आठवड्याला नवं संगीत, लिहायला जेमतेम काही दिवस.

तळटीप
दोन्ही बाजूंना जरा त्रास देतो.

बर्मनला भिंतीला उभं करताय, पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बऱ्याच अमेरिकन मालिका पैसे वाचवायला सिंथेसायझरवर गेल्या होत्या. 'ट्रेक'ने खराखुरा वाद्यवृंद सोडला नाही. 'नेक्स्ट जनरेशन'च काय, 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' या पुढच्या 'ट्रेक' मालिकांनाही दर एपिसोडला वादक येऊन वाजवत होते. हा खर्च याच निर्मात्यांनी वर्षानुवर्षं केला.

मंदसप्तक
तळटीप, तुम्ही माझीच केस मजबूत केलीत! चाळीस-पन्नास कसलेले वादक स्टुडिओत आणून बसवायचे आणि त्यांच्याकडून काय वाजवून घ्यायचं, तर लांबच लांब एकच स्वर धरून ठेवा. तालवाद्य नको, ठसठशीत धून नको. त्यापेक्षा सिंथेसायझर काय वाईट होता?

रसिका_ठाणे
मला वाटतं तुम्ही सगळे 'नेक्स्ट जनरेशन'चा 'द इनर लाइट' (1992) हा एपिसोड विसरताय. संगीत जे चॅटवे यांचं, म्हणजे जोन्सच्या जागी जे रुळले त्यांचंच.

पिकार्ड बेशुद्ध पडतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत एका नष्ट झालेल्या ग्रहावरच्या माणसाचं अख्खं आयुष्य जगतो. बायको, मुलं, नातवंडं, म्हातारपण. तिथे तो बासरी शिकतो. आधी अडखळत, मग सफाईने. शेवटी शुद्धीवर आल्यावर आपल्या खोलीत एकटा उभा राहून तीच धून वाजवतो. मागे वाद्यवृंद नाही. मी दर वेळी रडते. जोन्सच्या शैलीत त्याखाली हॉर्न्स आले असते तर सगळा विचका झाला असता.

त्यामुळे मवाळ धोरणात चांगलं काही निघालंच नाही हे मान्य नाही.

मंदसप्तक
ताई, एपिसोडला दंडवतच. पण ती बासरी पटकथेत आहे. पात्राच्या हातातलं वाद्य आहे, त्यामुळे धून असणं भागच होतं आणि कुणी ती दाबू शकलं नाही. धून लिहायची मोकळीक मिळाल्यावर चॅटवेने काय केलं ते बघा. मग उरलेल्या एपिसोडांत त्याला ती का नव्हती?

रसिका_ठाणे
हे मात्र खरं आहे. तरी हॉर्न्सबद्दल मी ठाम आहे.

वात्रट
2001 च्या 'एंटरप्राइझ' या मालिकेचं शीर्षकगीत आठवा आणि गप्प बसा सगळे. धून होती, शब्द होते, रसेल वॉटसनचा आवाज होता. लोकांनी ते बदला म्हणून सह्यांची मोहीम काढली.

अवांतर: मूळ मालिकेच्या अलेक्झांडर करेजच्या धूनलाही शब्द आहेत. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरीने लिहिले, मालिकेत कधी गायले गेले नाहीत, पण गीतकार म्हणून निम्मी रॉयल्टी मात्र त्याच्या खिशात. करेज अर्थातच भडकला.

शुद्ध निषाद
ते गाणं होतं, वाद्यवृंद नव्हे. विषयांतर.

बाकी जोन्सच्या संगीताला किंमत नव्हती असं वाटणाऱ्यांसाठी: 2010 मध्ये त्याचं या मालिकेसाठीचं काम 14 सीडींच्या संचात निघालं. काम थांबवल्यावर जवळपास वीस वर्षांनी!

चहाबाज
सीडीवर ऐकायला ते उत्तमच आहे, माझं भांडण तिथे नाहीच. सीडीवर डोकं वर काढणारं संगीत संवादाखाली जड होऊ शकतं.

शेवटचं सांगतो. पिकार्डची सुटका झाल्यावरचा पुढचाच एपिसोड 'फॅमिली'. फ्रान्समधला घरचा द्राक्षमळा, भावाशी चिखलात झोंबाझोंबी, आधी दोघं हसतात आणि मग हसता हसता पिकार्डचा बांध फुटतो आणि तो रडतो. एवढा मोठा कॅप्टन, चिखलाने माखलेला. ते संगीत मॅकार्थीचं. बोर्ग जोन्सने केले म्हणून दणदणीत झाले, आणि 'फॅमिली' त्याच्याकडे नव्हता हे बरंच झालं. दोघं आलटून पालटून होते तेव्हा ज्याला जे शोभतं ते मिळत होतं.

मंदसप्तक
मग त्यातला एक काढला ते बरोबर की चूक, एवढंच सांगा.

चहाबाज
धोरण बरोबर, माणूस काढणं चूक. आता यावर पुन्हा दोनशे प्रतिसाद नकोत.