एअर पिस्तूलचे शॉट अचानक वर जाऊन राहिलेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा, १० मीटर एअर पिस्तूल मारतो, दीड वर्ष झालं. पिस्तूल सेकंडहँड घेतलेलं पीसीपी आहे, म्हणजे सिलेंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारं, सिलेंडर २०० बार प्रेशरवाला, पेलेट (छर्रा) ४.५ एमएम. प्रॉब्लेम असा की सलग मारत गेलो तर ग्रुप मस्त येतो, सगळे शॉट जवळजवळ बसतात, पण मधे पाच-सात मिनिटं थांबलो, पाणी प्यायलो, की पुढचा पहिला शॉट सरळ वर, टार्गेटच्या दहाऐवजी आठच्या नाहीतर सातच्या रिंगमध्ये, आणि आवाजही जरा मोठा येतो, मग दुसऱ्या-तिसऱ्यापासून सगळं परत जागेवर. डावी-उजवीकडे काही नाही, फक्त वर.

आधी वाटलं माझंच मनगट, तर रेंजवरच्या एका दादाला मारायला दिलं, त्याचाही पहिला शॉट वरच गेला राजेहो! पेलेटचा डबा बदलला, साइटचे स्क्रू पाहिले, सगळे टाइट आहेत. सिलेंडर रात्रभर लावून ठेवला तरी गेजचा काटा हलला नाही, म्हणजे बाहेर लीक नसावं.

मला रेग्युलेटरवर डाउट आहे, म्हणजे सिलेंडरचं प्रेशर कमी करून दर शॉटला सारखं देणाऱ्या भागावर, थांबल्यावर आतलं प्रेशर हळूहळू चढत असेल का? कोणी म्हणते ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी रिंग) बदल, इतवारीत मिळून जाईल, पण २०० बारच्या वस्तूत कोणतीही रिंग घालायला भीती वाटते बाप्पा, आणि स्वतः तर मी उघडणार नाहीच. क्रोनोग्राफ कोणाकडे आहे का नागपुरात, थांबून मारलेल्या शॉटचा स्पीड मोजायचा होता? आणि रेग्युलेटरचं काम नीट करणारा माणूस कोणाला माहीत आहे का? मॅचमध्ये ६० शॉटला ७५ मिनिटं असतात, मधे थांबावं तर लागतेच न.