फर्स्ट कम्युनियनला बोलावलं, पण ती पांढरी चकती मला दिली नाही. असं का?

सिद्धेश्वरपेठकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मनापासून विचारतेय, कुणाला दुखवायचा हेतू नाही.

आमच्या शेजारी एक कॅथलिक कुटुंब राहतं. तिथल्या वहिनी आणि मी बरोबरीनं नोकरीला लागलो, एकमेकींच्या घरी रोजचं येणं-जाणं. त्यांच्या धाकटीचं फर्स्ट कम्युनियन (चर्चमध्ये ती पांढरी चकती पहिल्यांदा घ्यायचा समारंभ) होतं, तेव्हा आम्हाला घरच्यासारखं बोलावलं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत होती, त्यामुळे बरंचसं कळलं. शेवटी शेवटी सगळे रांगेनं पुढे जायला लागले, तशी मीही उठले. पुढच्या बाई वळून हळूच म्हणाल्या, "ताई, हात असे छातीवर ठेवा, फादर आशीर्वाद देतील." फादरांनी डोक्यावर हात ठेवला, प्रेमानं हसले, पण चकती दिली नाही.

आम्ही लिंगायत. दासोहात कोण आलं, कुठून आलं हे आम्ही विचारत नाही, पान मांडतो. म्हणून देवाघरचं अन्न आणि पाहुणीला नाही, हे जरा लागलं ओ. वहिनींना विचारायचा संकोच वाटतो. त्या चकतीत असं काय आहे? आणि आठ वर्षांच्या पोरीला चालतं, मग मला का नाही?

सात_रस्ता

ताई, मी ख्रिस्तीच, पण प्रोटेस्टंट. आम्ही प्रभुभोजन म्हणतो. आमच्या चर्चमध्ये ते दर रविवारी नसतं, महिन्यातून एकदा असतं. प्रभूनं "माझ्या स्मरणार्थ हे करा" असं सांगितलं म्हणून आम्ही करतो. भाकर ही भाकरच राहते, आठवण आणि विश्वास महत्त्वाचा, असं आमच्याकडे शिकवतात. कॅथलिकांचं याहून वेगळं आहे, ते त्यांच्यापैकीच कुणीतरी सांगितलेलं बरं.

निवृत्त_नर्स_सोलापूर

मी सांगते. मी निवृत्त परिचारिका (मठातली सिस्टर नव्हे, दवाखान्यातली). जन्मापासून कॅथलिक. आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या भागात, आजारी माणसांच्या घरी कम्युनियन घेऊन जायचं काम माझ्याकडे आहे.

ताई, तुम्ही विटाळलेल्या किंवा परक्या म्हणून दिलं नाही असं अजिबात समजू नका. त्या दिवशी बाकावर बसून राहिलेले कॅथलिकही तुम्हाला दिसले असतील. हातून गंभीर पाप घडलंय आणि अजून कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापाची कबुली, केलेलं नाही, तो उठत नाही. तासाभरात काही खाल्लेलं असेल तोही नाही. उलट कुणी का बसलंय हे आम्ही विचारत नाही, विचारूही नये.

चकतीत काय आहे, हा खरा प्रश्न. वधस्तंभावर जायच्या आदल्या रात्री येशूनं शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतलं. भाकर मोडून म्हणाला, हे माझं शरीर आहे. प्याला देऊन म्हणाला, हे माझं रक्त आहे. आम्ही हे शब्द जसेच्या तसे घेतो. फादर मिस्सेत तेच शब्द म्हणतात त्यानंतर रंग, चव, वास भाकरीचाच राहतो, पण समोर आहे तो ख्रिस्त स्वतः. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं (कॅथलिक बिशपांच्या सभेनं) 1551 मध्ये हे नेमक्या भाषेत मांडलं, पण श्रद्धा फार जुनी. रोममध्ये इ.स. 155 च्या सुमारास संत जस्टिननं बादशहाला उद्देशून लिहिलं, त्यात आमचं रविवारचं सगळं आहे: वाचन, प्रवचन, भाकर, पाणी घातलेला द्राक्षारस, लोकांचं "आमेन", आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे तो वाटा पोचवणं. हे अन्न विश्वास ठेवणाऱ्या, बाप्तिस्मा (पाण्यानं होणारी ख्रिस्ती दीक्षा) घेतलेल्या माणसालाच देतात, हेही त्यानंच तिथे लिहून ठेवलंय.

देताना फादर प्रत्येकाला म्हणतात, "ख्रिस्ताचे शरीर." घेणारा म्हणतो, "आमेन." म्हणजे हो, हे खरं आहे, आणि याच्याप्रमाणे जगायला मी बांधील आहे. न विचारता, न समजावता ते वाक्य तुमच्या तोंडून वदवून घेणं हा तुमच्याच श्रद्धेचा अपमान झाला असता. तुम्ही लिंगायत आहात म्हणून सांगते, इष्टलिंग दीक्षेशिवाय कुणी आल्यागेल्याच्या तळहातावर ठेवत नाही ना? त्यात पाहुण्याचा अनादर नसतो. तसंच काहीसं हे.

धाकटीचं म्हणाल तर पूर्वी मुलांना बरंच थांबावं लागायचं. 1910 मध्ये पोप दहावे पायस यांनी सांगितलं की समज आली, साधारण सातव्या वर्षाच्या सुमाराला, की मुलांना अडवू नका. रोजची पोळी आणि ही भाकर यातला फरक मुलाला कळला पाहिजे, एवढीच मुख्य अट. त्यासाठीच रविवारचे वर्ग असतात आणि आधी पहिलं कन्फेशन.

आता तुमच्या दासोहाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातलं मला सर्वात खोल तेच वाटलं. योहानाच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय कधी वाचून पाहा. सुरुवातीला एका मुलाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या घेऊन येशू पाच हजारांना जेवू घालतो. तू कोण, तुझा विश्वास काय, काही विचारत नाही. सगळ्यांना गवतावर बसवतो आणि पोटभर वाढतो. तेच लोक दुसऱ्या दिवशी त्याला शोधत येतात, तेव्हा तो दुसऱ्या भाकरीबद्दल बोलतो, माझं शरीर खाल्ल्याशिवाय तुमच्यात जीवन नाही म्हणतो. हे ऐकवत नाही म्हणून पुष्कळ जण उठून जातात. तो त्यांना "अहो, मी नुसतं उदाहरण देत होतो" असं म्हणून परत बोलावत नाही. बारा जणांना विचारतो, तुम्हीही जाता का?

एकाच अध्यायात दोन्ही भाकरी आहेत, आणि दोन्ही एकाच हातच्या. पहिली सर्वांची, विनाअट. दुसरी "हो" म्हणणाऱ्याची. पण दुसरी घेणाऱ्याला पहिलीतून सुटका नाही. करिंथच्या मंडळीत पैसेवाले आधी येऊन पोटभर खायचे-प्यायचे आणि गरीब मागून येऊन उपाशी राहायचे. इ.स. 55 च्या आसपास येशूचा प्रेषित पौल यानं त्यांना पत्रातून खडसावलं की तुम्ही जेवता ते प्रभूचं भोजन नव्हेच. कम्युनियनवरचा आमचा सर्वात जुना लेखी मजकूर याच रागाच्या पत्रात आहे. म्हणून फर्स्ट कम्युनियनला हॉल, डीजे आणि हजारोंचे फ्रॉक बघितले की मला फार वाईट वाटतं. कर्ज काढून समारंभ करणारी घरं माझ्या पाहण्यात आहेत. ज्या लेकराचे आईबाप ते करू शकत नाहीत, ते त्या दिवशी कोपऱ्यात उभं असतं.

माझ्या कामाचं थोडं सांगते, म्हणजे आम्ही या चकतीला काय मानतो ते कळेल. रविवारी मिस्सा संपली की फादर एका छोट्या गोल डबीत मोजक्या चकत्या देतात. डबी कापडी पिशवीत आणि पिशवी गळ्यात, पदराच्या आत. वाटेत मी भाजी घेत नाही, कुणी हाक मारली तर मान हलवून पुढे जाते. एका घरी अर्धांगवायू झालेले काका आहेत, पूर्वी गिरणीत होते. त्यांच्या सूनबाई हिंदू. मी जायच्या आधी त्या स्टुलावर पांढरं धुतलेलं कापड अंथरतात, मेणबत्ती लावतात, वाटीत पाणी आणि चमचा ठेवतात. काकांना गिळायला त्रास होतो, म्हणून नखाएवढाच तुकडा मोडायचा, चमचाभर पाण्यात ठेवायचा, हनुवटी थोडी खाली घ्यायची आणि गळा हलेपर्यंत थांबायचं. इतकी वर्षं नर्सिंग केल्याचा इथे उपयोग होतो. "ख्रिस्ताचे शरीर" म्हटलं की त्यांच्या तोंडून "आमेन" नीट फुटत नाही, पण डावा हात उचलतात. मग त्याच चमच्यानं वाटीतलं पाणी त्यांनाच पाजते. डबीत कण राहिला असेल म्हणून ती पाण्यानं विसळून ते पाणी मी पिते. तुकड्यातही ख्रिस्त पूर्ण असतो, म्हणून कण वाया जाऊ द्यायचा नाही.

नंतर सूनबाईंसाठी वेगळी प्रार्थना करते आणि त्यांच्या हातचा चहा घेऊन मगच उठते. सासऱ्याचं अंथरूण-पांघरूण, औषधपाणी सगळं त्याच बघतात. चकती त्यांना देत नाही, पण त्या घरात ख्रिस्ताची सेवा कोण करतं, हे मला कुणी सांगायला नको. आमच्यासारख्या साध्या माणसांना हे नेऊन देण्याची मोकळीक 1973 पासून आहे, त्याआधी फादरांनाच जावं लागे.

वसईचा_पाहुणा

सिस्टरबाईंनी छान लिहिलंय. थोडी भर घालतो. 1964 मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय युखॅरिस्टिक काँग्रेस भरली होती, ओव्हल मैदानावर. म्हणजे याच संस्काराला वाहिलेला जागतिक मेळावा. त्यासाठी पोप सहावे पॉल डिसेंबरमध्ये भारतात आले, भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. जाताना आपली मोटार त्यांनी मदर तेरेसांना दिली आणि मदरनी ती सोडतीत काढून पैसे कुष्ठरोग्यांच्या कामाला लावले. दोन भाकरींचं वर आलंय, त्यावरून हे आठवलं.

तासभराच्या उपवासाचा नियमही त्याच साली झाला. माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे.

सिद्धेश्वरपेठकर

सगळ्यांचे आभार. सिस्टर, इष्टलिंगाचं वाचलं आणि मनातली अढी गेली. सूनबाईंचं वाचताना डोळे भरून आले.

अजून दोन गोष्टी. ती चकती कशाची असते? आपल्या भागात ज्वारी पिकते, मग ज्वारीची भाकरी का नाही वापरत? आणि वहिनींनी पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी) या म्हणून सांगितलंय. आलं तर चालेल ना? तेव्हा काय असतं?

निवृत्त_नर्स_सोलापूर

चकती गव्हाची. फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी, मीठसुद्धा नाही. मठातल्या सिस्टर पातळ पीठ कालवून दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये दाबतात. कागदासारखा पापुद्रा निघतो. तो लगेच कापला तर तुटतो, म्हणून दमट जागी ठेवून मऊ करतात आणि मग गोल कापतात. हे मी उभी राहून पाहिलंय.

ज्वारी चालत नाही. भाकर गव्हाचीच आणि रस द्राक्षाचाच, असा चर्चचा कायदा आहे. ग्लूटेन पूर्ण काढलेल्या चकत्याही चालत नाहीत, हे 2017 मध्ये रोमनं पुन्हा पत्र काढून कळवलं. ज्यांना गहू सोसत नाही त्यांच्यासाठी अगदी कमी ग्लूटेनची चकती असते, किंवा त्यांना नुसता प्याला देतात. मंगळवेढ्याची मालदांडी मलाही गव्हापेक्षा प्यारी आहे. पण हे जेवण आम्ही बेतलेलं नाही, आम्हाला मिळालेलं आहे, त्यातलं धान्य बदलायचा अधिकार आम्ही स्वतःकडे घेत नाही. बाकी त्या पाच हजारांना वाढलेल्या भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे तिकडच्या गरिबाचं रोजचं अन्न. तिथे गहू लागला नाही.

गुरुवारी जरूर या. संध्याकाळी शेवटच्या भोजनाची मिस्सा असते. फादर गुडघे टेकून माणसांचे पाय धुतात. 2016 पासून त्यात बायकाही बसू शकतात. नंतर उरलेल्या चकत्या मिरवणुकीनं बाजूच्या वेदीवर नेतात आणि लोक तिथे रात्री उशिरापर्यंत आळीपाळीनं बसून राहतात, तिथे तुम्हीही हवा तेवढा वेळ बसा. शुक्रवारी मिस्सा नसते, आदल्या दिवशीच्या चकत्याच देतात. रांगेत यायचं असेल तर हात छातीवर. बाकावर बसून राहिलात तरी कुणी वळून बघणार नाही.

आणि वहिनींना बिनधास्त विचारा. नाहीतर सरळ धाकटीला विचारा, ती वर्गात हेच सगळं शिकून आलीय, तुम्हाला पाठ म्हणून दाखवेल.