डॉ. दत्ता सामंत : संप सोडून कोणी काही सांगेल का?

लालबागचा_नातू
आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. घरात अजूनही डॉक्टरांचा विषय निघाला की अर्धी मंडळी देवमाणूस म्हणतात आणि अर्धी म्हणतात त्यांच्यामुळेच आपलं वाटोळं झालं. ८२ चा गिरणी कामगारांचा संप ऐकून माहितीये, पण हा माणूस त्याआधी कोण होता, दवाखाना सोडून युनियनमध्ये कसा आला, आणि संप हातातून गेल्यावरही खासदार कसा झाला? जाणकारांनी प्लीज सांगा.

पंतनगरकर
मूळचे मालवणकडचे, देवबागचे. घाटकोपरला दवाखाना होता आणि पेशंट म्हणजे आजूबाजूच्या दगडखाणीतले मजूर. औषध द्यायचं आणि पुन्हा त्याच खाणीत पाठवायचं, याने काय होणार, म्हणून त्यांची युनियन बांधली, तिथनं सुरुवात. ७२ ला मुलुंडमधून काँग्रेसचे आमदार, आणि तरी आणीबाणीत त्यांनाच आत टाकलं! सुटून आले तेव्हा नाव दुप्पट झालेलं. मग इंजिनिअरिंग, केमिकल, कारखान्यांमागून कारखाने त्यांच्याकडे. कंपनीचा ताळेबंद बघायलाच तयार नसायचे, कामगाराला घर चालवायला किती लागतं तेवढं बोला म्हणायचे, आणि बऱ्याच ठिकाणी भरघोस करार करून दाखवले. लोक उगाच नाही मागे लागले.

जुना_बदलीवाला
मित्रा, एक गोष्ट नीट समजून घे, ती कोणी सांगत नाही. गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता, त्यात मान्यता एकाच युनियनला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. मालकाशी बोलणी तेच करणार, करार तेच करणार, कामगाराला पटो न पटो. ८१ च्या दिवाळीला बोनसवरून लोक भडकले आणि मोर्चा काढून थेट डॉक्टरांच्या घरी गेले, ते आधी तयार नव्हते, लोकांनीच गळ घातली. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख माणूस बाहेर पडला. पगारवाढ आणि बोनस तर हवाच होता, पण आम्हा बदलीवाल्यांना कायम करा आणि तो कायदा रद्द करा हीसुद्धा मागणी होती. बदली म्हणजे काय ते सांगतो, रोज शिफ्टच्या वेळेला गिरणीतल्या आपल्या खात्यात (विभागात) जाऊन उभं राहायचं, कोणाचा खाडा असेल तर काम, नाहीतर घरी. असं वर्षानुवर्षं. म्हणून आम्हाला तो माणूस आपला वाटला आणि आजही वाटतो.

भिवंडी_लाइन
मान्य, पण दुसरी बाजूही बघा. मालकांनी कापड पॉवरलूमवर विणून घेतलं, सरकार ढिम्म हललं नाही, आणि इकडे बायकांची मंगळसूत्रं गहाण पडली, लोक बिऱ्हाड उचलून गावी गेले. मागे यायची वाट डॉक्टरांनी ठेवायला हवी होती असं माझं स्पष्ट मत. संप अधिकृतपणे मागे घेतलाच नाही शेवटपर्यंत. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण लाखभर घरं पणाला लागली होती हो.

पंतनगरकर
खासदारकीचं राहिलंच. डिसेंबर ८४, इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट, काँग्रेसला चारशेच्या वर जागा, आणि हा माणूस दक्षिण मध्य मुंबईतून अपक्ष निवडून आला. संपात पोळलेल्या गिरणगावानेच निवडून दिला, हे वाटोळं केलं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. पण कायदा बदलायला संख्याबळ लागतं, एकटा अपक्ष किती ओढणार. ८९ ला तीच जागा शिवसेनेकडे गेली. युनियनचं काम मात्र सुटलं नाही. १६ जानेवारी १९९७ ला पवईला घराजवळ गाडी अडवून गोळ्या घातल्या, तेव्हाही ते ऑफिसलाच निघाले होते.

जुना_बदलीवाला
नातू, आजोबांचं गिरणीचं तिकीट (कामगाराचं ओळखपत्र), पीएफची स्लिप, हजेरीचं कार्ड काही सापडतंय का बघ. गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घरासाठी १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागतो. फॉर्म भरला होता का ते आजीला विचार.

लालबागचा_नातू
पत्र्याची पेटी आहे माळ्यावर, आज रात्रीच काढतो काका. गिरणीचं नाव आणि खातं बघून इथेच टाकतो.