रिमिनीला मुक्काम असताना दिवसभरात कुठे जाऊन यावे? (अनुभव धागा)

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरील रिमिनी हे गाव पंधरा किलोमीटर लांबीच्या वाळूसाठी आणि ती वाळू व्यापून टाकणाऱ्या छत्र्यांच्या रांगांसाठी ओळखले जाते. इटालियन कुटुंबे आठवडाभर छत्रीखालून हलत नाहीत. आपल्याकडची मंडळी मात्र दुसऱ्याच दिवशी कंटाळतात. रेल्वे स्थानक जुने गाव आणि समुद्र यांच्या मधोमध असल्यामुळे सकाळी निघून रात्री मुक्कामावर परतणे येथून फार सोपे पडते. ज्यांनी अशा सहली केल्या आहेत त्यांनी कुठे गेलात, कसे गेलात आणि पुन्हा जाल का, हे सविस्तर लिहावे. दर सतत बदलतात; ते लिहिले नाहीत तरी चालेल.

बोलोन्यात शिकणारी विद्यार्थिनी

एकच दिवस हाताशी असेल तर तो राव्हेनाला द्यावा. किनाऱ्याने जाणारी पॅसेंजर गाडी साधारण तासाभरात पोहोचवते. कागदी तिकीट असेल तर स्थानकावरील यंत्रात त्यावर शिक्का उमटवून मगच गाडीत चढावे, अन्यथा तिकीट खिशात असूनही दंड भरावा लागतो. इ.स. 402 मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी येथे आली, पुढे गॉथ राजे आले, मग बायझंटाइन सत्ता आली, आणि या काळातील आठ वास्तू 1996 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. सान व्हिताले चर्चमधील बायझंटाइन सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा यांची मोझेक चित्रे (रंगीत तुकडे जडवून केलेली) सगळेच पाहतात आणि ती पाहावीतच. मला मात्र सांतापोल्लिनारे नुओव्हो या चर्चमधील गॉथ राजा थिओडोरिकच्या राजवाड्याच्या चित्रापुढून हलवेना. राजवट बदलल्यावर त्या चित्रातील खांबांमधल्या मानवी आकृत्या काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी पांढरे पडदे जडवले. परंतु कोणाचा पंजा, कोणाचा मनगटापासूनचा हात खांबावर तसाच राहून गेला आहे. लहान दुर्बीण सोबत असेल तर बोटेही वेगवेगळी दिसतात.

इटालियन महाकवी दान्ते 1321 मध्ये याच गावात वारला. त्याला हद्दपार करणारे फ्लॉरेन्स आता त्याच्या समाधीवरील दिव्याचे तेल पुरवते, हे मला फार गमतीचे वाटते. परतताना क्लास्से स्थानकावर उतरून तेथील मोठे चर्च पाहावे. त्याच्या घुमटीत हिरव्यागार कुरणावर मेंढ्यांची रांग आहे.

आईवडिलांसह गेलेला एक पुणेकर

आम्ही सान मारिनोला गेलो. रिमिनी स्थानकासमोरून बस मिळते, तासाभराच्या आत आपण दुसऱ्या देशात असतो, आणि सीमेवर कोणी हटकत नाही. पर्यटन कार्यालयात पैसे भरून पासपोर्टवर हौसेचा शिक्का मारून घेता येतो. बाबांना किल्ल्यापेक्षा त्याचेच अप्रूप अधिक होते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बोर्गो माज्जोरेला उतरून रोपवेने वर जावे, कारण वरचे गाव म्हणजे चढउतारांचाच कारभार आहे. ग्वाइता बुरुजावरून समुद्र दिसतो. गल्ल्यांमधील अत्तरांच्या आणि नकली शस्त्रांच्या दुकानांत वेळ घालवू नये.

बेळगावची एक सून

वरील बसमार्गावरच, रिमिनीहून सान मारिनोकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, गुरखा सैनिकांची युद्धस्मशानभूमी आहे. बहुतेक प्रवाशांच्या ती लक्षातही येत नाही. सहाशेहून अधिक सैनिक तेथे चिरनिद्रा घेत आहेत आणि सप्टेंबर 1944 मध्ये सान मारिनोजवळच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारे शेरबहादूर थापा त्यांच्यापैकी एक आहेत. आमचे सासरे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले असल्यामुळे आमची सहल येथूनच सुरू झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही रेल्वेने फोर्लीला गेलो. तेथे शहराबाहेर भारतीय सैन्याची स्वतंत्र स्मशानभूमी असून, ज्यांचे दहन झाले अशा साडेसातशेहून अधिक हिंदू आणि शीख सैनिकांचे स्मारक तिच्या आवारात आहे. नावे वाचताना सासरे जाधव, शिंदे, पवार अशी आडनावे मोठ्याने उच्चारत होते.

त्यांचा खरा हट्ट होता तो सेनियो नदी पाहण्याचा. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 रोजी याच नदीवर दोन जखमी सोबत्यांना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोहोचवले, मग परत फिरून शत्रूचे मशिनगनचे मोर्चे गप्प केले, हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकून हातबॉम्ब वापरले, आणि शेवटी बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. ते व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन जिवंत घरी परतले. आम्ही राव्हेनाहून फेराराकडे जाणाऱ्या गाडीने आल्फोन्सिने येथे उतरलो; या लढाईचे संग्रहालय त्या गावात आहे आणि नदीही तेथून जवळ आहे. नदी म्हणावी तर ओढ्याएवढी. पण दोन्ही बाजूंचे पूररोधक बांध घराच्या उंचीचे आहेत. सासरे बराच वेळ उताराकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पाण्याचं काही नाही गं, हा बांध चढायचा होता त्यांना."

शाकाहारी प्रवाशांसाठी, नाशिकहून

या प्रदेशात तव्यावर भाजलेली पियादिना सर्वत्र मिळते आणि चीज व पालेभाजी घातली की ती शाकाहारी झाली असे आपण धरून चालतो. पारंपरिक पिठात डुकराची चरबी असते. ऑलिव्ह तेलाची पियादिनाही अनेक ठिकाणी मिळते. मागताना "सेन्त्सा स्त्रुत्तो" (चरबीशिवाय) असे स्पष्ट सांगावे. पालेभाजी भरून कडा बंद केलेला कासोने हा प्रकार पोटभरीचा आहे, पण हा प्रश्न तेथेही विचारावा.

कापडाच्या व्यवसायातील एक वाचक

बोलोन्याच्या दिशेने रेल्वेने थोड्याच वेळात सांतार्कांजेलो लागते. मी तेथे केवळ ठशांच्या छपाईसाठी गेलो. नासपतीच्या लाकडाचे कोरीव ठसे, आणि गंजलेले लोखंड, व्हिनेगर व पीठ यांपासून केलेला तांबूस रंग! हा गंजाचा रंग रोमान्या प्रांताची ओळखच झाला आहे. गावातील 1633 पासूनच्या कारखान्यात कापड दाबून गुळगुळीत करणारे प्रचंड लाकडी चाकाचे यंत्र आजही जपलेले आहे. तयार टेबलक्लॉथ स्वस्त नाहीत, मात्र ठसा ठोकणाऱ्या कारागिराचा हात पाहिल्यावर घासाघीस करावीशी वाटत नाही.

धागाकर्तीचा प्रश्न

उर्बिनो आणि सान लेओ एका दिवसात जमतील का?

भाड्याची गाडी घेतलेले एक गृहस्थ

जमवू नयेत. उर्बिनोला रेल्वेने पेसारोपर्यंत आणि पुढे बसने जावे लागते. चित्रकार राफाएलचे घर आणि ड्यूकचा राजवाडा यांतच दिवस संपतो. सान लेओला स्वतःची गाडी असेल तर अर्धा दिवस पुरतो. कड्यावरील त्या किल्ल्यात काल्योस्त्रो नावाचा भोंदू किमयागार 1795 मध्ये कैदेत मेला. त्याला छतातील झडपेतून कोठडीत सोडले होते आणि खिडकीतून त्याला फक्त गावातील चर्चे दिसत. उरलेल्या अर्ध्या दिवसात उन्हे कलल्यावर रिमिनीचाच तिबेरियसचा पूल पाहावा. इ.स. 21 मध्ये पूर्ण झालेला हा पूल पाहिल्यावाचून येथून परत गेलेले कितीतरी जण मला भेटले आहेत.