दोन हजारांत इअरबड्स: गोव्याच्या हवेत एएनसीवर पैसे घालावेत का?

कुळागर: २००० रुपयांच्या आत एएनसीच्या, म्हणजे बाहेरचा आवाज कापणाऱ्या सोयीच्या, मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे खारी हवा, चार महिने पाऊस आणि उरलेलं वर्ष घाम. इथे बड्स बिघडतात ते चार्जिंगच्या पिनांपाशी. बडवरच्या धातूच्या ठिपक्यांवर घाम राहिला आणि बड तसाच केसमध्ये गेला, की चार्जिंगचा करंट त्या खारट ओलाव्यातून वाहतो, धातू झिजतो, हिरवट थर चढतो. पुढे केसला बड आत आल्याचं कळतच नाही. तो फोनला जोडलेलाच राहतो आणि सकाळी एक कान बंद. लोक रीसेट मारत बसतात, दोष मात्र पिनेवर असतो. म्हणून आधी आयपी रेटिंग, म्हणजे धूळ-पाणी किती अडतं त्याचा दर्जा, बघा. किमान आयपीएक्स४, आयपी५५ मिळालं तर उत्तम. मग कानातली बसण आणि पणजी-मडगावात सर्व्हिसची सोय.

बार्देशकर: पिनांचं पटलं, एएनसीचं नाही. म्हापसा-पणजी बसमध्ये इंजिनाची जी सलग घरघर असते, नेमकी तीच एएनसी कापतं. हॉर्न आणि कंडक्टरची हाक मात्र येणारच, कारण वरच्या पट्टीचा आवाज अडवणं हे रबरी टिपांचं काम. घरघर कमी झाली की व्हॉल्यूम ९० टक्क्यांवर न्यावा लागत नाही, आणि कानांसाठी हे मोलाचं आहे.

फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘ईएनसी’ असतं आणि माणूस ते एएनसी समजून घेतो. ईएनसी माइकसाठी असतं. फोनवरच्या समोरच्याला तुमचा आवाज स्वच्छ जातो, तुमच्या कानाला त्याचा काही उपयोग नाही. ‘३२ डेसिबल’सारखा आकडाही सगळ्या आवाजांना सारखा लागू नसतो, जिथे सर्वात जास्त कपात होते तिथला तो असतो.

कुळागर: बाब, स्वस्त एएनसीत शांत खोलीतही बारीक ‘स्स्स’ ऐकू येतो, त्याचं काय? आणि बॅटरी? ‘५० तास’ म्हणजे केससकट, एएनसी बंद ठेवून, मध्यम आवाजात. एका चार्जमध्ये बड किती तास चालतो, तेवढंच विचारा.

बार्देशकर: म्हणूनच दुकानात तपासून घ्यावं. गाणं बंद ठेवून चालू पंख्याजवळ उभं राहा आणि एएनसी चालू-बंद करा. घुमणारा आवाज खाली गेला पाहिजे. काहीच फरक नाही? मग आधी टिप बदला. बहुतेक खोक्यांत तीन मापं मिळतात, आणि दोन्ही कानांना एकच माप लागेल असं नाही. फट राहिली तर बेसही जातो आणि एएनसीही. एवढं करूनही ‘स्स्स’ खटकला, तर तो जोड घेऊ नका.

झुवारीपार: दोघांनाही माझा विरोध. या बजेटमध्ये नेकबँड घ्या, म्हणजे मानेवरच्या पट्ट्याला वायरने जोडलेले बड्स. बॅटरीला जागा जास्त, केसमधल्या पिनांची भानगड नाही, आणि फेरीबोटीतून उतरताना एक बड पाण्यात पडायची भीती नाही.

कुळागर: पण मानेवर घाम साचतो आणि वायर जिथे पट्ट्याला मिळते तिथेच तुटते. आठ तास कॉलवर असणाऱ्याला नेकबँड ठीक, बाकीच्यांना मी सुचवणार नाही.

खाजन: आयपीएक्स४ वर फार विसंबू नका. ती चाचणी साध्या पाण्याच्या शिंतोड्यांची असते, समुद्राच्या पाण्याची नाही. आणि रेटिंग सहसा फक्त बड्सचं असतं, केसचं नाही. पावसात भिजलेला केस चार्जिंगला लावणं सर्वात घातक.

घाम आला असेल तर बड कोरड्या सुती फडक्याने पुसा, थोडा वेळ उघड्यावर ठेवा, मगच केसमध्ये. आठवड्यातून एकदा कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलवून बडचे ठिपके आणि केसमधल्या पिना पुसा, आणि पूर्ण सुकू द्या. पिना स्प्रिंगवर असतात, दाबून घासू नका. एका बाजूचा आवाज हळू झाला तर टिप काढून, जाळी खाली धरून, कोरड्या मऊ ब्रशने मळ झाडा. तिथे पिन किंवा सुई घालू नका, जाळी आत जाते.

बार्देशकर: आणि बिल जपा. पाणी शिरल्याचं सहसा वॉरंटीत बसत नाही, पण एक बड चार्जच होत नसेल तर दावा करता येतो. दुकानात नेण्याआधी पिना पुसून घ्या, हिरवा थर दिसला की ते बहुधा ओलाव्याचं कारण सांगून परत पाठवतात.

कुळागर: हे मान्य. तरी दोन जोडांत निवड करायची झाली, एक एएनसीवाला पण आयपीएक्स४, दुसरा बिनएएनसीचा पण आयपी५५, तर किनारपट्टीवर राहणाऱ्याला मी दुसराच सांगेन.

बार्देशकर: आणि रोज तासभर बसमध्ये बसणाऱ्याला मी पहिला.