'म्युझिकल'ला मराठीत काय म्हणावे: संगीत, संगीतिका की संगीत नाटक?

तिसरी घंटा (धंतोली, नागपूर)

एका दिवाळी अंकासाठी मी नुकताच एक लेख लिहिला. रंगभूमीवरची गाणी आणि ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरच्या, म्युझिकलचे (पात्रे बोलता बोलता गाऊ लागतात अशा नाटकांचे) दूरचित्रवाणीवरील प्रयोग हा माझा अनेक वर्षांचा जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे लेख लिहिताना प्रत्येक शब्द मी जपून वापरला होता. 'म्युझिकल'साठी मी सर्वत्र 'संगीतिका' लिहिले होते. संपादन होऊन परत आलेल्या मसुद्यात तो शब्द जागोजागी खोडून 'संगीत नाटक' केलेला होता आणि समासात 'संगीतिका म्हणजे ऑपेरा' (बहुतेक सगळे गाऊनच सादर होणारा पाश्चात्त्य नाट्यप्रकार) एवढीच टीप होती.

बाकीच्या ठिकाणी मी गप्प बसले असते, पण एका वाक्याशी अडले. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या संगीतकार-गीतकार जोडीने 'सिंड्रेला' ही कृती खास दूरचित्रवाणीसाठी रचली. ३१ मार्च १९५७ रोजी ती सीबीएस वाहिनीवरून थेट प्रक्षेपित झाली, ज्युली अँड्र्यूज तिची नायिका होती आणि त्या एका रात्री १० कोटींहून अधिक लोकांनी ती पाहिली. दुरुस्तीनंतर माझे वाक्य 'दूरचित्रवाणीसाठी रचलेले संगीत नाटक' असे झाले. ते वाचताच डोळ्यांपुढे मखमली पडदा, विंगेतला ऑर्गन आणि नांदी उभी राहिली, आणि यांतले काहीही त्या स्टुडिओत नव्हते.

आणखी एक आठवण सांगते. माझी आजी 'आज धनवटेला संगीत आहे' किंवा 'आज गद्य आहे' असे म्हणायची (धनवटे म्हणजे नागपूरचे रंगमंदिर); पुढे 'नाटक' हा शब्द लावण्याची तिला गरजच वाटत नसे. हेच वाक्य मी परवा भाचीला ऐकवले, तेव्हा तिने विचारले की लग्न कोणाचे आहे. तेव्हा प्रश्न असा की 'म्युझिकल' या प्रकाराला मराठीत नेमके काय म्हणावे?

पायपेटी (महाल)

ताई, तुमच्या संपादकांनी योग्य तेच केले आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग झाला आणि 'संगीत' हा शब्द नाटकाच्या नावाआधी येऊन बसला. 'संगीत सौभद्र', 'संगीत शारदा', 'संगीत मानापमान' ही नावे आपण त्या शब्दासकटच उच्चारतो. विष्णुदास भाव्यांच्या खेळांत पदे बहुतांशी सूत्रधार म्हणत असे; किर्लोस्करांनी ती पात्रांच्या तोंडी दिली. पात्राने स्वतः बोलता बोलता गाऊ लागणे हेच जर म्युझिकलचे लक्षण असेल, तर त्यासाठी आपल्याकडे एक नाव पूर्वीपासूनच रुळलेले आहे. असलेले नाव बाजूला सारून नवे घडवण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रॉम्प्टर (प्रतापनगर)

मी चित्रपटांच्या आणि मालिकांच्या मराठी उपशीर्षकांचे काम करतो, त्यामुळे हा पेच मला वारंवार पडतो. माझे मत पायपेटी यांच्या विरुद्ध आहे. १९४३ च्या 'ओक्लाहोमा!' या कृतीपासून म्युझिकलमध्ये गाण्याकडून एक ठरावीक अपेक्षा असते. गाणे सुरू होताना पात्र जिथे असते, तिथेच ते गाणे संपताना असून चालत नाही. त्याने काही ठरवलेले असते, काही गमावलेले असते किंवा स्वतःशी काही कबूल केलेले असते. आपल्या नाट्यपदात कथा थांबते आणि राग सुरू होतो. प्रेक्षक 'वन्स मोअर' देतो तेव्हा तो कथेला पुन्हा मागे नेतो, आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. दोन्ही प्रकार मला मनापासून आवडतात, पण ऐकणाऱ्याची तयारी दोन्हीकडे वेगळी लागते, म्हणून दोहोंना एकच नाव देऊ नये.

पायपेटी

कथा थांबते हे आपले विधान बालगंधर्वांच्या काळातील मैफलीवजा प्रयोगांना काही अंशी लागू पडेल, किर्लोस्करांना नाही. 'सौभद्रा'ची संहिता उघडून पाहावी. त्यातल्या कितीतरी साक्या आणि दिंड्या (जुन्या नाटकांतील छोट्या छंदोबद्ध रचना) म्हणजे चालीत बांधलेले संवाद आहेत. एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे. पुढे गायक मोठे झाले, पदे लांबली आणि साकी-दिंडी मागे पडली. तो प्रयोगाचा इतिहास झाला. शब्दाच्या अर्थात तो ओढून आणू नये.

साकी-दिंडी (रामदासपेठ)

मी अनेक वर्षे संस्कृत शिकवले, म्हणून व्युत्पत्तीच्या अंगाने थोडे लिहिते. 'सम्' उपसर्ग आणि 'गै' धातू यांपासून झालेले 'संगीत' हे मुळात क्तप्रत्ययान्त, म्हणजे धातूला 'त' लागून झालेले, रूप आहे, म्हणजे ते विशेषण म्हणून सहज चालते. 'संगीत शाकुंतल' याचा अर्थ 'गायिलेले शाकुंतल'. दिल्लीच्या संगीत नाटक अकादमीच्या नावात हेच दोन शब्द शेजारी आहेत, पण तिथे तो द्वंद्व आहे: संगीत आणि नाटक. १९५३ मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेचे नाव वाचून माझे विद्यार्थी दरवर्षी विचारत असत की ही अकादमी केवळ 'सौभद्रा'सारख्या नाटकांसाठी आहे काय. मराठी माणसाच्या कानाला ते दोन शब्द सुटे ऐकूच येत नाहीत, इतका आपला समास पक्का झाला आहे.

शारंगदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'त 'गीतं वाद्यं तथा नृत्यं त्रयं सङ्गीतमुच्यते' अशी व्याख्या आहे. गाणे, वाजवणे आणि नाचणे या तिन्हींना मिळून संगीत म्हणायचे असेल, तर ब्रॉडवेचे म्युझिकल या व्याख्येत आपल्या संगीत नाटकापेक्षाही चपखल बसते, कारण आपल्या नाटकांत नृत्याला फारशी जागा नव्हती.

आता तुमच्या आजींविषयी. इंग्रजीत 'म्युझिकल' हे विशेषण होते. 'म्युझिकल कॉमेडी', 'म्युझिकल प्ले' अशा जोड्यांतले पुढचे नाम गळून पडले आणि विशेषणच नाम झाले. 'आज संगीत आहे' या वाक्यात अगदी हेच घडलेले आहे. भाषांतर करायचे झालेच तर आजींचा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. लग्नातले 'संगीत' आपल्याकडे हिंदीतून आणि अलीकडे आले आहे, त्याच्यासाठी आपण आपला शब्द का सोडावा?

प्रॉम्प्टर

आपली व्युत्पत्ती मला मान्य आहे. पण उपशीर्षकात 'मी काल संगीत पाहिले' असे वाक्य गेले, तर वाचणारा तिथेच अडखळेल. पडद्यावरची ओळ दोन-तीन सेकंदांत निघून जाते आणि तेवढ्यात तळटीप देता येत नाही. म्हणून मी 'म्युझिकल' असेच लिहितो. अडचण पुढे आहे. ते म्युझिकल, ती म्युझिकल की तो? मी नपुंसकलिंग वापरतो, कारण मनात 'नाटक' असते. माझी सहकारी 'म्युझिकल पाहिली' असे लिहिते, कारण तिच्या मनात 'संगीतिका' असते. एकाच मालिकेच्या दोन भागांत त्या बिचाऱ्या शब्दाचे लिंग बदलले होते आणि तक्रार आमच्याकडे आली.

पायपेटी

लिंगाचा हा घोळच सांगतो की तो शब्द अजून परका आहे. 'संगीत नाटक' म्हटले की 'ते' असे कोणी शिकवावे लागत नाही.

वडसा लाइन (मूळचा देसाईगंज, आता नागपूर)

सर्वांचे प्रतिसाद वाचताना मला वाटत राहिले की आपण पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवरून सगळ्या मराठीचा अर्थ ठरवत आहोत. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई (जत्रा) भरते, शंकरपट (बैलांच्या शर्यती) होतात आणि रात्री नाटक असते. ते पहाटेपर्यंत चालते, त्यात गाणी असतात, नाच असतो, साथीला वादक बसलेले असतात. आमच्या घरी त्याला 'संगीत' हा वेगळा शब्द मी कधी ऐकला नाही. 'आज गावात नाटक आहे' म्हटले की गाणी आलीच. उलट मी शिकायला नागपूरला आलो आणि सायंटिफिक सभागृहात पहिले नाटक पाहिले, तेव्हा मध्यंतरापर्यंत एकही गाणे झाले नाही, म्हणून वादक आले नसावेत असे मला खरोखर वाटले होते. आमच्या बोलीपुरते सांगायचे तर वेगळे नाव लागते ते गाण्याविना असलेल्या नाटकाला. गाण्याच्या नाटकाला 'नाटक' पुरते.

साकी-दिंडी

हे फार मोलाचे आहे. तिसरी घंटा यांच्या आजीही 'गद्य आहे' असे वेगळे सांगत असत, हे इथे लक्षात घ्यावे.

तिसरी घंटा

सर्वांचे आभार. पायपेटीकाका, 'संगीत नाटक' या शब्दाविषयी माझ्या मनात तिळमात्र अनादर नाही. आपल्या नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी लिहिलेले 'कट्यार काळजात घुसली' १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. याच शहरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकलेले वसंतराव देशपांडे त्यात खाँसाहेब झाले, आणि आज त्यांच्या नावाच्या सभागृहासमोरून जाताना मला दर वेळी ते नाटक आठवते. प्रॉम्प्टर यांनी सांगितलेली कसोटी त्या नाटकाला लावून पाहावी. जितेंद्र अभिषेकींनी एकच पद दोन घराण्यांच्या गायकीत बांधले आहे. शब्द तेच असतात, पण चाल आणि ठेवण बदलते आणि तेवढ्यावरून दोन माणसांचे स्वभाव, त्यांचा अहंकार आणि त्यांचे दुःख आपल्याला कळते. तिथे कथा थांबत नाही, ती गाण्यातच घडते. म्हणून 'आपल्याकडे गाणे कथा थांबवते' हे मला सरसकट पटत नाही.

तरीही 'संगीतिका' सोडवत नाही, याचे कारण माध्यमात आहे. आकाशवाणीने 'बिल्हण' सादर केली, मंगेश पाडगावकरांचे शब्द आणि पु. ल. देशपांडे यांचे संगीत, तेव्हा तिला संगीतिका म्हटले गेले. रंगमंच नाही, पडदा नाही, तरी गाण्यातून कथा सांगायची आहे, अशा कृतीसाठी त्या लोकांना शब्द हवा होता आणि त्यांनी तो रुळवला. 'सिंड्रेला'ही तशीच रंगमंचाशिवाय जन्मलेली आहे. जुलै २०२० मध्ये 'हॅमिल्टन' या ब्रॉडवेच्या म्युझिकलच्या प्रयोगाचे चित्रीकरण घरबसल्या पाहायला मिळाले, तेव्हा टाळेबंदीत मी ते आठवड्यात तीनदा पाहिले. त्यात जवळजवळ सगळे गाऊनच सांगितलेले आहे, निव्वळ बोलणे शोधावे लागते. अशा कृतीला 'नाटक, ज्यात पदे आहेत' असे म्हणताना माझा हात अडखळतो.

मे २०२३ मध्ये मुंबईत 'द साउंड ऑफ म्युझिक' आले, तेव्हा मी विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून गेले. आजवर केवळ पडद्यावर पाहिलेले गाणे समोर, हाताच्या अंतरावर, माणसाच्या श्वासासकट ऐकू आले आणि मला रडू आले. परतीच्या गाडीत शेजारच्या काकूंनी विचारले की मुंबईत काय पाहिले. मी 'एक नाटक' म्हणाले. त्या क्षणी मला यांतला एकही शब्द सुचला नाही, आणि तेव्हापासून तो सल राहिला आहे.

साकी-दिंडी

'संगीतिके'तील '-इका'मुळे ती कृती लहान वाटते, असा आक्षेप मी ऐकला आहे. एकांकिका लहान असते, हे खरे. पण संस्कृत 'नाटिका' चांगली चार अंकांची असते. हर्षाची 'रत्नावली' नाटिकाच आहे. त्या प्रत्ययाला भिण्याचे कारण नाही.

पायपेटी

आक्षेप आकाराचा नाही. 'संगीतिका' म्हटले की मला आजवर ऑपेराच आठवत आला आहे, आणि ज्याने ऑपेरा ऐकला आहे तो दोहोंत गल्लत करणार नाही. शिवाय पुलंचेच उदाहरण पुढे न्यायचे तर असे पाहा. बर्नार्ड शॉच्या ज्या 'पिग्मॅलियन' नाटकावरून १९५६ मध्ये 'माय फेअर लेडी' हे म्युझिकल झाले, त्याच नाटकावरून पुलंनी १९७५ मध्ये रंगभूमीवर आलेले 'ती फुलराणी' लिहिले आणि ते गद्य ठेवले. गाण्याची एवढी जाण असलेल्या माणसाने तिथे पदे घातली नाहीत. त्या अर्थी संगीत नाटक म्हणजे काय, याची त्यांच्या मनात नेमकी कल्पना असणार.

प्रॉम्प्टर

त्यावरून 'संगीत नाटक' हा शब्द म्युझिकलला लागू पडतो हे सिद्ध होत नाही. कदाचित उलटच सिद्ध होते. पण मला दुसरेच विचारायचे आहे. दूरचित्रवाणीवरील गाण्याच्या स्पर्धेत मुले 'सौभद्रा'तले पद म्हणतात, तेव्हा पडद्याखालच्या पट्टीवर 'नाट्यगीत' असे येते. नाटकात होते तोवर ते 'पद' किंवा 'नाट्यपद' होते. नाटकातून बाहेर काढून दोन मिनिटांत बसवले की त्याचे 'नाट्यगीत' होते काय? कारण माझ्या उपशीर्षकांत म्युझिकलमधले गाणे 'पद' लिहावे की 'गाणे', हाही प्रश्न रोजचाच आहे.

पायपेटी

नाटकात पद, मैफलीत आणि ध्वनिमुद्रिकेवर नाट्यगीत. 'नाट्यसंगीत' हे त्या सबंध प्रकाराचे नाव. आमच्या पिढीत यात कोणी गल्लत करत नसे.

वडसा लाइन

आमच्याकडे तिन्हींना गाणेच म्हणतात.

तिसरी घंटा

मसुदा शुक्रवारी परत करायचा आहे. 'सिंड्रेला'च्या वाक्यात मी 'संगीतिका' पुन्हा लिहिले आहे. बाकी ठिकाणी काय ठेवायचे ते अजून ठरत नाही. 'पद' निघाले म्हणून सांगते. 'द साउंड ऑफ म्युझिक' हा चित्रपट एकदा दूरचित्रवाणीवर लागला होता आणि आजी माझ्यासोबत शेवटपर्यंत बसली होती. इंग्रजी तिला येत नव्हते. ज्युली अँड्र्यूजचे एक गाणे संपल्यावर ती म्हणाली, 'हिने पद छान घेतले.'

पायपेटी

'घेतले' म्हणाल्या की 'म्हटले'? ताई, हे आठवून सांगा. गायक पद 'म्हणतो', पण नट प्रसंगातून पद 'घेतो', असे आमचे पेटी शिकवणारे गुरुजी सांगत असत.

साकी-दिंडी

'घेणे' हे तानेसाठी आणि आलापासाठी वापरतात. पदासाठी मी ते ऐकलेले नाही.